एक पायरी वजा

२ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात लागून आज एक महिना झाला. मालक म्हणालेत, तीन महिन्यांनी कायम करू. माझ्या अंदाजाने दुसऱ्याच महिन्यात करतील. इथे शब्द नीट वापरणारी मी एकटीच आहे.

संकल्प: रोज किमान पाच गिऱ्हाइकांचे शब्द सुधारायचे. प्रेमाने.

सकाळी एकजण आला. म्हणाला, एक विनाईल दाखवा. विनाईल हे पदार्थाचं नाव आहे. बादली हवी असली की आपण 'एक प्लास्टिक द्या' म्हणतो का, असं त्याला विचारलं. बादली नकोय म्हणाला आणि गेला. विचार करत गेला असावा.

दुपारी एक बाई लाखेच्या फार जुन्या रेकॉर्ड्स घेऊन आल्या आणि त्यांनाही विनाईल म्हणाल्या. लाख वेगळी, विनाईल वेगळं. लाखेची पडली की फुटते. हे समजावताना मी एक जरा उंच धरली, तर मालकांनी पुढे येऊन हातातून काढून घेतली.

एकूण दोन. उद्या आठ करायचे.

४ फेब्रुवारी, बुधवार

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाळीस वर्षं तेच काम. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या नोकरीचं त्यांना फार कौतुक. जेवताना म्हणाले, तुझ्या त्या प्लेयरचं आणि माझ्या मशीनचं सारखंच की. सुई बिघडली की सगळं बिघडलं.

मी सांगितलं, बाबा, सुई नाही, स्टायलस. टोकाला हिरा असतो. तो ज्या बारीक दांडीवर बसतो तिचं नाव वेगळं, ते सगळं ज्यात बसतं त्याला कार्ट्रिज म्हणतात. पंधरा मिनिटं लागली. मध्येच आई रेकॉर्ड्सना ताटल्या म्हणाली, तेही सुधारलं.

बाबा शेवटी बरं म्हणाले आणि पाणी प्यायले. त्यांना आवडलं. शिकलेल्या मुलीचा घराला हाच उपयोग.

७ फेब्रुवारी, शनिवार

'योग्य शब्द' हा तक्ता तयार करून काउंटरच्या मागे लावला. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. सव्वीस ओळी. प्रत्येक एलपीला, म्हणजे मोठ्या रेकॉर्डला, अल्बम म्हणू नये. आतल्या कागदी पाकिटाला कव्हर म्हणू नये. वीस वर्षांनी पुन्हा छापलेल्या रेकॉर्डला ओरिजिनल म्हणू नये. दुकानात जिच्या सात प्रती पडून आहेत तिला रेअर म्हणू नये.

मालक बराच वेळ वाचत उभे होते. म्हणाले, गिऱ्हाइकाला काय हवंय ते आपल्याला कळलं म्हणजे झालं, त्याचा पेपर कशाला तपासायचा. त्यांचा स्वभाव विनोदी आहे.

ता. क. गिऱ्हाइकं आता मला डिक्शनरी म्हणतात. आपसांत, हळू आवाजात. आदर असला की माणसं हळू बोलतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मिंटकाका येऊन गेले. हे नाव मी ठेवलेलं. मिंट म्हणजे एकदाही न वाजवलेली, टाकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखी कोरी रेकॉर्ड. तिथून उतरत्या पायऱ्या आहेत: निअर मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, आणि तळाला पुअर. या धंद्यात गुड म्हणजे वाईट. गुड रेकॉर्डवर चरे असतात. हे काका मात्र जन्मात मिंटच्या खाली उतरलेले नाहीत. आज त्यांनी विकायला आणलेल्या रेकॉर्डवर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ होतं. म्हणे, मिंटच आहे, जरा वापरलेली.

शिवाय हा माणूस घेतो आणि विकतो, म्हणजे डीलर. पण स्वतःला संग्राहक म्हणवतो. दोन्ही शब्दांतला फरक त्यांना समजावला. ते मालकांना म्हणाले, ही पोरगी तुमचं दुकान शुद्ध करून करून बंद पाडणार. मालक हसले नाहीत. ते माझ्या बाजूने असतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११

महत्त्वाचं काम चालून आलंय.

एक काकू आल्या. त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. मागे सहाशे बारा रेकॉर्ड्स. काकूंना राहती जागा पंधरा मार्चला सोडायची आहे आणि मुलीच्या दोन खोल्यांत जायचंय. तिथे त्यांच्याच कपड्यांना जागा नाही तर रेकॉर्ड्सना कुठून असणार. विकायच्या नाहीत त्यांना. संगीत कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायच्यात. सगळ्या एकत्र, एका कपाटात, आणि कपाटावर यजमानांचं नाव. बाकी काही नको.

म्हणाल्या, "रेडिओवाल्याचं नाव कुठं लागतं गं? दुकानावर पाटी होती, तीसुद्धा जागामालकाने उतरवली."

ग्रंथालय कपाट देतं, नावही लावतं. अट एकच. रेकॉर्ड्सच्या एखाद्या दुकानाकडून यादी करून आणायची, आणि यादीतल्या चारातल्या तीन रेकॉर्ड्स तरी एक्सलंट किंवा त्याच्या वरच्या असल्या पाहिजेत.

यादीचं काम मालकांनी मला दिलं. म्हणाले, "नेहमीसारखी कर."

नेहमीसारखी कशाला? या दुकानाने आजवर केली नसेल अशी करीन. ग्रंथपाल वाचून विचारतील, ही कोणी केली. कॉलेजात कॅटलॉगची एखादी जागा रिकामी असणारच. आईला एवढ्यात सांगायचं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काकूंचं घर. बाहेरच्या खोलीत यजमानांचं टेबल अजून तसंच आहे. डाग देण्याची कांडी, उघडे रेडिओ, स्क्रू ठेवायला औषधाच्या रिकाम्या बाटल्या. रेकॉर्ड्स आतल्या भिंतीला, सगळ्या उभ्या. आडव्या रचलेली एकही नाही. प्रत्येक पाकिटाच्या आत कोपऱ्यात पेन्सिलने घेतल्याची तारीख. बारीक, सरळ अक्षर. या माणसाशी माझं पटलं असतं. तो 'एक विनाईल द्या' म्हणाला नसता.

काकू शेजारी बसून मटार सोलत होत्या. रेकॉर्ड्सना त्या सवती म्हणतात. "सहाशे बारा सवती नांदवल्या मी. एकीने कधी भांडं घासलं नाही."

हा शब्द माझ्या तक्त्यात नाही. काकूंच्या बाबतीत दुरुस्ती तूर्त स्थगित.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तीनशे चाळीस झाल्या. पद्धत: दिव्याखाली तिरकी धरून बघायची, दोन्ही बाजू, मग सुरुवात, मध्य आणि शेवट वाजवून ऐकायचं. शंका आली तर खालची पायरी. शंकेचा फायदा रेकॉर्डला द्यायचा नाही.

आज एकच पुअर निघाली. इतकी झिजलेली की गाण्यापेक्षा खरखर जास्त. काकूंनी विचारलं, काय लिहितेस. मी शब्द आणि त्याचा अर्थ सांगितला.

त्या म्हणाल्या, "ती रोज सकाळी लागायची. दाढी करताना."

मी म्हटलं, "म्हणूनच."

त्या उठल्या. आत जाऊन आल्या. पटलं असणार. चाळीस वर्षांत त्यांना हे इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितलं नसेल.

२५ फेब्रुवारी, बुधवार

यादी पूर्ण. निअर मिंट नऊ, एक्सलंट चारशे बासष्ट, व्हेरी गुड एकशे आठ, गुड बत्तीस, पुअर एक. अटीला चारशे एकोणसाठ लागतात. आपल्याकडे चारशे एकाहत्तर आहेत. एकही शब्द न वाढवता. खरं बोलूनही माणसाचं काम होतं, हे मला या निमित्ताने सगळ्यांना दाखवता येईल.

घरी सांगितलं. मालक म्हणाले होते 'नेहमीसारखी', पण मी त्याहून काटेकोर केली, हेही सांगितलं. बाबांनी ताटातून मान वर केली. सुईनंतर माझ्या कामाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

"गिऱ्हाईक म्हणतं, जरा तेल टाकून द्या. तेव्हा त्याला मशीन पूर्ण उघडून हवं असतं. तुझे मालक नेहमीसारखी म्हणाले, तेव्हा नेहमीची कशी असते ते बघितलंस का?"

बाबांना यादी आणि तेल यांतला फरक कसा कळणार. विषय बदलला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

यादी ग्रंथालयात पोचवली. सोबत चार पानी निवेदन जोडलं: पायऱ्यांच्या व्याख्या, तपासण्याची पद्धत, आणि दान देणाऱ्या लोकांकडून होणाऱ्या शब्दांच्या चुका, उदाहरणांसह. शेवटी माझा फोन नंबर. अधोरेखित.

ग्रंथपाल जागेवर नव्हते. शिपायाने कागद घेतले आणि ढिगावर ठेवले. वरच ठेवले.

काकूंना सांगून आले की काम झाल्यात जमा आहे. त्यांनी कपाटावर लावायचं नाव एका कागदावर पूर्ण लिहून ठेवलंय, यजमानांच्या वडिलांच्या नावासकट.

५ मार्च, गुरुवार

पत्र आलं. दोन ओळी. संग्रह अटीत बसत नाही, क्षमस्व.

टायपिंगची चूक असणार.

६ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.३०

फोन केला. ग्रंथपाल सज्जन आहेत, आवाज दमलेला. त्यांना सांगितलं, चारशे एकाहत्तर बसतात, तुमच्याकडून मोजताना चूक झालीय. त्यांनी फाइल काढली. म्हणाले, आमच्या मोजणीत नऊच बसतात.

नऊ कशा?

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "बाई, दुकानांच्या याद्या आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. प्रत्येकजण एक पायरी चढवून लिहितो. म्हणून आम्ही सरसकट एक पायरी वजा करतो."

म्हणजे माझ्या एक्सलंट सगळ्या व्हेरी गुड झाल्या. निअर मिंटच्या नऊ तेवढ्या एक्सलंटवर टिकल्या.

मी म्हटलं, पण माझ्या यादीत चढवलेलंच नाही. मी काटेकोर लिहिलंय. निवेदनात स्पष्ट म्हटलंय.

ते म्हणाले, काटेकोर लिहिलंय असं सगळेच लिहितात. तसा छापील कागदच असतो बऱ्याच जणांचा.

मी त्यांना येऊन प्रत्यक्ष बघा म्हटलं. ते म्हणाले, सहाशे रेकॉर्ड्स ऐकायला माणूस असता तर आम्ही यादी कशाला मागितली असती?

दुपारी २.

मालकांना सांगितलं. ते बराच वेळ ब्रशने एकच रेकॉर्ड पुसत राहिले. मग म्हणाले, मी तुला नेहमीसारखी कर म्हटलं होतं. यात रागावण्यासारखं काही नाही, मलाही नंतर कोणीतरी सांगितलं होतं, सगळ्यांना कोणीतरी सांगतंच. दुसरी यादी कर. प्रत्येकीला एक पायरी चढव. ते एक वजा करतील, जिथली तिथे येईल.

मी म्हटलं, ते खोटं होईल.

ते म्हणाले, "लिहिताना खोटं. वाचेपर्यंत खरं होतं."

हे वाक्य मी कधीही मान्य करणार नाही. म्हणूनच लिहून ठेवलंय.

९ मार्च, सोमवार

निर्णय: दुसरी यादी नाही. सगळे एक पायरी चढवतात म्हणून मीही चढवली, तर मी शिकले कशाला? ग्रंथपालांना सात पानी पत्र पाठवलं. त्यात सुचवलंय की वजाबाकीची पद्धत बंद करावी. एका दुकानाने खरं लिहायला सुरुवात केली की बाकीची आपोआप करतील. वर्षभरात सगळीकडचे शब्द जागेवर येतील.

काकूंनी फोन करून विचारलं, काय झालं. थोडा तांत्रिक पत्रव्यवहार चालू आहे असं सांगितलं. त्यांनी विचारलं, पंधरा तारखेच्या आत होईल ना? मी हो म्हटलं.

११ मार्च, बुधवार

सात पानांना उत्तर नाही. विचार करत असतील.

तक्त्यावर कोणीतरी पेनने सत्ताविसावी ओळ लिहिलीय. डावीकडे 'डिक्शनरी', उजवीकडे 'डोकेदुखी'. अक्षर ओळखीचं वाटत नाही. तक्ता लोक वाचतात, एवढं मात्र यातून सिद्ध झालं.

आज दिवसात तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनी बोटाने दाखवून वस्तू मागितल्या. तोंडाने एक शब्द नाही.

१३ मार्च, शुक्रवार

मी तत्त्वाशी तडजोड करत नाहीये. हे आधी लिहून ठेवते.

सकाळी काकूंकडे गेले होते. अर्धं घर बांधून झालंय. रेकॉर्ड्स तशाच भिंतीला. त्यांची मुलगी आली होती. ती आईला म्हणाली, आता त्या रद्दीवाल्याला तरी बोलाव. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, काकू, आजचा दिवस द्या.

दुकानात येऊन यादी काढली. निअर मिंटचं मिंट केलं. एक्सलंटचं निअर मिंट. चारशे बासष्ट वेळा. पहिल्या दहा ओळींना प्रत्येक वेळी थांबले, नंतर नाही, याचंच वाईट वाटतंय. व्हेरी गुडचं एक्सलंट. ती दाढीची रेकॉर्ड पुअरवरून गुडवर आली. तिच्या वाट्याला कधी नव्हे तो बरा शब्द आला.

सगळं टाइप करून सहा वाजता संपलं. मालकांनी चहा मागवला माझ्यासाठी. पहिल्यांदाच.

उद्या सकाळी काकूंची सही, दहा वाजता ग्रंथालय. शनिवारी ते अर्धा दिवस उघडं असतं. चौकशी केलीय. सगळं वेळेत होतंय.

१४ मार्च, शनिवार

साडेआठला पोचले. दारात टेम्पो. दोन माणसं खोकी चढवत होती आणि मिंटकाका एका बाजूला उभं राहून, हळू रे, मिंट माल आहे, असं ओरडत होते.

काकू रिकाम्या भिंतीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. काल संध्याकाळी काका आले म्हणे. त्यांना कुठून कळलं, कोण जाणे. धंद्यात बातम्या फिरतात. सगळ्या घेतो म्हणाले, एकही मागे ठेवत नाही, फोडूनही विकणार नाही, शब्द देतो. काकूंनी आज माझी वाट बघायची असं ठरवलं होतं. पण मुलीने विचारलं, त्या पोरीने इतके दिवस काय केलं?

मी काकूंना म्हटलं, एक दिवस थांबायला हवं होतं.

त्या म्हणाल्या, "तो म्हणाला, वहिनी, दादांनी एकेक रेकॉर्ड फुलासारखी जपलीय. तू एक महिना आमच्याकडे येत होतीस. तू असं एकदाही म्हणाली नाहीस गं."

मी म्हणाले नव्हते, हे खरं आहे. पण निअर मिंट नऊ आणि एक्सलंट चारशे बासष्ट, याचा अर्थ दुसरा काय होतो?

खाली आले. काकांनी माझ्या हातातली फाइल पाहिली. यादी आहे का, दे की, आता तुला काय करायचीय.

मी दिली.

का दिली ते नीट लिहिते. यादीशिवाय हा माणूस सहाशे बारा रेकॉर्ड्सना स्वतःच्या मनाने नावं देणार. लाखेच्यांना विनाईल म्हणणार, दुसऱ्या आवृत्तीला ओरिजिनल म्हणणार. सगळ्या चुकीच्या नावांनी कुठेतरी पडून राहणार. निदान यादी तरी बरोबर असावी. म्हणून दिली. हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नाही.

२ एप्रिल, गुरुवार

तीन महिने पूर्ण. मालक म्हणाले, अजून तीन महिने बघू. म्हणजे त्यांना मला सोडवत नाही.

तक्ता भिंतीवरून उतरवलाय. मी नाही. भिंतीला रंग द्यायचाय म्हणाले. बाकीच्या भिंती आहेत तशाच राहणार आहेत.

बातमी: संगीत कॉलेजच्या ग्रंथालयात नवीन संग्रह आला. मिंटकाकांनी दिला. सहाशे बारा रेकॉर्ड्स. कपाटावर त्यांचं नाव, पितळी पट्टीवर कोरून.

फोडून विकल्या नाहीत. शब्द पाळला त्यांनी.

७ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४

ग्रंथालयात जाऊन आले. ग्रंथपालांना स्पष्ट सांगितलं की हा संग्रह एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचा आहे, त्यांच्या बायकोने तो आधी तुम्हालाच देऊ केला होता, आणि पट्टीवर नाव त्यांचं हवं.

त्यांनी शांतपणे दोन फाइली काढल्या. पहिली फेब्रुवारीतली, नाकारलेली. दुसरी मार्चमधली, मंजूर. दोन्ही समोर ठेवल्या. "हे बघा, इथे बहुतेक एक्सलंट आणि व्हेरी गुड. इथे मिंट आणि निअर मिंट. संग्रह वेगळे आहेत, बाई."

दोन्ही याद्या माझ्याच आहेत, असं मी सांगितलं. रेकॉर्ड्स त्याच, फक्त शब्द एकेक पायरी चढवलेत. पाकिटांच्या आत पेन्सिलने तारखा आहेत त्या बघा.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, तारखा कोणीही लिहितं. तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर मंजूर केलेली यादी खोटी ठरते. मग मला ती समितीपुढे ठेवावी लागेल आणि संग्रह परत पाठवावा लागेल. नियम आहे. कुठे परत पाठवायचा, हेही सांगून ठेवा.

काकूंच्या मुलीच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आल्या. मग काकांचं गोदाम. मग रद्दीवाला.

त्यांनी विचारलं, "तर तुमचं म्हणणं, ही यादी चुकीची आहे?"

मी म्हटलं, "नाही. यादी बरोबर आहे."

ते फाइल बांधताना म्हणाले, यादी बाकी फार व्यवस्थित केलीय, एवढी नीट यादी आमच्याकडे आजवर आली नव्हती. स्तुती झाली. ज्याच्या नावाने असेल त्याच्या नावाने, पण झाली माझीच.

कॅटलॉगच्या जागेबद्दल विचारायचं राहून गेलं.

९ एप्रिल, गुरुवार

सकाळी काकूंचा फोन. त्यांना कोणीतरी सांगितलं की रेकॉर्ड्स कॉलेजात पोचल्या. एकदा बघायच्या होत्या. मुलीला सुट्टी नाही, डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, जवळचं सगळं धुक्यासारखं दिसतं, तू नेशील का? नेलं. दोन बस बदलाव्या लागल्या.

कपाट चांगलं आहे. काचेची दारं, रेकॉर्ड्स उभ्या, ओळीने. काकू काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सवती चांगल्या घरी पडल्या. मग हात वर करून त्यांनी पट्टी शोधली.

"काय लिहिलंय गं? वाच."

पट्टीवर चार ओळी आहेत. पहिलीत काकांचं नाव, दुसरीत 'ज्येष्ठ संग्राहक', तिसरीत 'यांजकडून सप्रेम भेट', चौथीत तारीख.

मी यजमानांचं नाव वाचलं. पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, काकूंनी कागदावर लिहिलं होतं तसं. दुसरी ओळ वाचली, रेडिओ दुरुस्तीचे कारागीर. तिसरी वाचली, सहाशे बारा रेकॉर्ड्स. चौथीसाठी मला काही सुचेना, म्हणून सांगितलं की खाली नुसती रेघ आहे, शोभेची.

आयुष्यात पहिल्यांदा मी समोर असलेल्या शब्दांऐवजी दुसरेच वाचले, आणि अडखळले नाही.

काकूंनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. पहिल्या ओळीवरून, सावकाश. ती ओळ त्यांच्या अंदाजापेक्षा लवकर संपली असावी, कारण बोट पितळेच्या कोऱ्या भागावर जरा वेळ थांबलं. मग दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीवर ते पुन्हा थांबलं. म्हणाल्या, "रेघ बरीच वळणावळणाची काढलीय."

मी हो म्हटलं.

त्यांनी पदराने पट्टी पुसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चल, बस चुकेल.

परतीच्या दोन्ही बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. दमल्या असतील. या वयात एवढा प्रवास झेपत नाही.

त्यांना काहीही कळलेलं नाही, याची मला पूर्ण खात्री आहे.